हद्दपार मांजर

"चाळीस वर्षांत माझा एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही," असं बजावून निवृत्त जजसाहेब लागोपाठ नऊ वेळा शिंकले आणि नाक पुसत त्यांनी नातीच्या मांजराला हद्दपार केलं. शिंकांचं मूळ तेच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. नातीनं रडून पाहिलं, पण साहेब बधले नाहीत. मांजर समोरच्या काकूंकडे गेलं.

महिना उलटला. शिंका होत्या तिथेच होत्या. शेवटी डॉक्टरांनी हातावर टोचून सगळ्या तपासण्या केल्या.

"मांजर नाही, धूळ नाही, परागकण नाहीत. तुम्हाला ॲलर्जी कशाचीच नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं नाकच मुळात तापट आहे. हवा बदलली, उग्र वास आला, की आतून सुजतं. दाढीनंतर काय लावता?"

वास खोलीभर होताच. "तीस वर्षं एकच लोशन," साहेब पुटपुटले.

संध्याकाळी नातीचं बोट धरून ते काकूंच्या दारात उभे राहिले.

"मांजर निर्दोष आहे," त्यांनी घसा खाकरून जाहीर केलं. "त्याला सन्मानानं परत न्यायला आलोय."

मांजर पुढे आलं, त्यानं साहेबांना हुंगलं आणि फटकन शिंकलं.

"न्या की, साहेब," काकू म्हणाल्या. "पण तुमच्याकडून आलं तेव्हा बिचारं सारखं शिंकत होतं. इथे महिन्याभरात आत्ता कुठे बरं झालं होतं. आधी तेवढं तोंड धुऊन येता का?"