सुतारकाकांचे आभार

“घ्या, संकोच करू नका,” म्हणत सुतारकाकांनी बगलेतलं लाकडी स्टूल थेट टेबलावरच ठेवलं. “दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजत असतील तुमचे. खाली ठेवा, वर पाय टाका आणि आम्हाला दुवा द्या.”

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. कुणाच्या औषधाचा खर्च विमा कंपनीने उचलायचा आणि कुणाचा नाही, हे ठरवायचं त्यांचं काम. असल्या माणसाकडे लोक येतात ते भांडायला! स्टूल घेऊन कुणी येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“पण हे कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? माझ्या बायकोसाठी. तिच्या सांध्यांच्या इंजेक्शनचं प्रकरण तुमच्याकडे होतं ना? खाली चौकशी करून नेमका तुमच्यापर्यंत आलोय.”

बाईंना ते प्रकरण चांगलं आठवत होतं. बोटं वाकडी झालेली बाई, नवंकोरं महागडं इंजेक्शन आणि काकांची साधी पॉलिसी. नियमात बसेना, म्हणून बाईंनी चक्क नाही म्हटलं होतं.

म्हणजे पुढे वरच्या साहेबांनी मंजूर केलं असणार आणि खालच्यांनी यांना भलतंच नाव सांगितलं! बोलावं का? पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी असं तोंड भरून कौतुक करत होतं.

“कशा आहेत आता त्या?” बाईंनी हळूच विचारलं.

“सकाळीच मला यथेच्छ झाडलंय. त्यावरून काय ते समजा!” काका खळखळून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “खरं सांगतो बाई, ती नसती तर मी काय केलं असतं? मला घरातली साखर कुठे असते तेही ठाऊक नाही.”

बाईही हसल्या. त्यांनी दोन चहा मागवले. काका स्टुलाची तारीफ करू लागले. एक खिळा नाही, सगळी खाचेत बसवलेली जोडणी, हत्ती बसला तरी हूं की चूं करणार नाही.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. वडील होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“अगं, काल इंजेक्शन घेतलं आणि आत्ता सरळ गच्चीवर आलोय! कठड्याला हात न लावता! तुझी आई खालून ओरडतेय, पण ऐकतो कोण? पोरी, तू पाठपुरावा केलास म्हणून मी पुन्हा माणसात आलो गं.”

“जपून उतरा, बाबा,” एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला.

“नशीबवान आहेत वडील,” काका मनापासून म्हणाले.

आता मात्र बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांना मिळालेलं इंजेक्शन तेच होतं. त्यांची पॉलिसी जुनी, भरभक्कम, आणि दुसऱ्या विभागात बाईंनी स्वतः खेटे घालून ते मंजूर करून आणलं होतं. बाबांच्या पहिल्या इंजेक्शनला त्या सोबत गेल्या होत्या. त्याच आठवड्यात सुतारकाकांच्या बायकोला नकार गेला होता. कुणी तुपाशी, कुणी उपाशी. आणि वर हा भला माणूस आपल्या हाताने घडवलेली वस्तू घेऊन आलेला.

त्यांनी स्टूल उचलून काकांसमोर ठेवलं.

“काका, हे मला घेववणार नाही. तुमचा गैरसमज झालाय. इंजेक्शन मंजूर केलं असेल ते साहेबांनी. मी तर तुम्हाला नाही म्हटलं होतं.”

“साहेबांनी? छे हो, कुणीच मंजूर केलं नाही!” काकांनी स्टूल पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं. “आम्हाला नकार कुणी दिला, हेच तर खाली विचारून आलो. तेव्हा आम्ही घरदार मिळून तुम्हाला शिव्या घातल्या, त्याची माफी असावी. आज सकाळी आमच्या डॉक्टरांचा फोन आला. ते इंजेक्शन आजपासून बंद. घेतलेल्यांचं लिव्हर पार निकामी होतंय म्हणे. माणसं हिंडतीफिरती असतात आणि एकदम कोसळतात. ज्यांना ज्यांना मंजूर झालं, त्यांच्या घरी आता काय चाललं असेल, कल्पना करा, बाई!”