मूळचं दार

वीबे तीस वर्षं विद्यापीठाच्या शवागारात शिपाई होता. जुन्या वैद्यकीय इमारतींच्या प्रदर्शनात, कॉफीबरोबर मिळालेलं एकुलतं एक बिस्कीट चघळत तो शवागाराच्या उद्घाटनाच्या फोटोपुढे थांबला आणि फिस्सकन हसला.

“बाई, काचेची निगेटिव्ह पालथी धरून छापलीत. दार डावीकडे आहे, इथं उजवीकडे दिसतंय.”

“आजोबा, तीन तज्ज्ञांनी तपासलाय हो फोटो,” अभिलेखागाराच्या हिल्केमाबाई समजूत घातल्यासारखं म्हणाल्या.

“असं? मग तेव्हाचे कुलगुरू आणि महापौर डाव्या हातानं हस्तांदोलन करायचे वाटतं!”

बाईंनी वाकून पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“एवढं काय त्यात? सुलट छापून घ्या.”

“डावीकडचं दार नंतर कुणीतरी नव्यानं केलेलं समजून,” बाई पुटपुटल्या, “आम्ही गेल्या महिन्यात बुजवलं. आणि या फोटोबरहुकूम उजवीकडे मूळचं बसवलं.”