पुंजाजी अजून आतच

आमच्या अकोल्याच्या मिलमध्ये हजेरीचं घड्याळ होतं. कार्ड घालून दांडा ओढला, की टण् वाजून येण्याजाण्याची वेळ उमटायची. पुंजाजी रिटायर झाले, तेव्हा पोरांनी त्यांना गुलाल उधळत खांद्यावरून थेट फाटकाबाहेर नेलं. जाताना दांडा ओढायचा राहूनच गेला. घड्याळाला गुलाल काय कळणार? आठवडा उलटला, तरी हजेरीत पुंजाजी आतच. त्यांचं नाव काढता येईना. टाइमकीपर मी, शेवटी बोलावणं धाडलं. ते आले, सोबत बायको दुर्गाबाई. कार्ड घालून, दांड्यावर हात ठेवून पुंजाजी नुसतेच उभे राहिले. "ओढा ना," मी म्हणालो. "ओढतो नं बाबू, घाई कायची?" दुर्गाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा खाली खेचला. टण्! "चाला आता, तीनच्या शिनेमाले," त्या म्हणाल्या. "लगन झालं तवापासून तुमची ड्युटी सुटाची वाट पाहून राह्यली मी."