सोयीची बदली

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींनी वाफेच्या खोलीत पंखा मागितला. वर्षभर नुसतं 'बघू, बघू' ऐकल्यावर त्यांनी सगळ्या जणींना गोळा करून युनियन काढली.

युनियन काढली म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, असं वकिलाने मालकांना बजावलं. मग मालकांनी 'कामाच्या सोयीसाठी' मावशींची बदली केली, ती थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून मावशी रोज वेळेवर हजर. तिसऱ्या महिन्यात तिथेही युनियन झाली. मालकांनी त्यांना तिसऱ्या शाखेत धाडलं. तिथल्या बायका तर त्यांची वाटच बघत होत्या.

शेवटी मालकांनी त्यांना समोर बोलावलं.

"मावशी, तुम्ही माझी माणसं बिघडवताय."

"मी कुठे काय केलं, साहेब? तुम्ही पाठवत गेलात, मी जात गेले."

"आता कुठेही पाठवणार नाही. उद्यापासून इथे हेडऑफिसात, माझ्या डोळ्यांसमोर राहायचं. दिवसभर फायलींवरची धूळ पुसायची."

"चालेल की," मावशी वर बघत म्हणाल्या. "इथे पंखा तरी आहे."

दुसऱ्या दिवशी मालक जेवायला घरी गेले. मावशींच्या तिन्ही बदल्यांची पत्रं टाइप करणाऱ्या हेडक्लार्कबाईंनी दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं,



"मावशी, आम्हा ऑफिसवाल्यांना घेता का हो तुमच्यात?"