रडू ऐकवणारं यंत्र

"पाळणाघरात मी जागा बोलून ठेवली आहे," सून म्हणाली. "सोमवारपासून. यंत्रबिंत्र काही नको."

सासू सुनेच्या तोंडाकडे रोखून बघत होती. तिचा एकेक शब्द जणू पकडून ठेवणार होती.

"मी मेले की ठेव पाळणाघरात," ती म्हणाली. "घरात आजी धडधाकट असताना लेकरू परक्याच्या हाती देणार? लोक शेण घालतील तोंडात."

"लोक सोडा. बुधवारी काय झालं ते सांगा."

लहान मुलांच्या सामानाचा दुकानदार काउंटरमागे उभा होता. पाळण्यावरून, बाबागाडीवरून, टोपीच्या रंगावरून भांडणारी घरं त्याने पाहिली होती. या दोघी मात्र आत आल्यापासून एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या.

"बुधवारी मिक्सर चालू होता," सासू म्हणाली.

"अर्धा तास? काय, सिमेंट वाटत होतात? छकुली रडून निळी पडली. शेजारणीने दार ढकलून आत येऊन तिला उचललं."

"ती शेजारीण म्हणजे तुझीच चमची."

"पुरे!" सासूचा मुलगा म्हणाला. छकुली त्याच्या खांद्यावर होती. तो आईकडे वळला आणि सावकाश बोलला. "आई, हे यंत्र तुला स्वयंपाकघरात नीट ऐकू आलं, तर छकुली घरी राहील. नाही आलं, तर ती पाळणाघरात आणि तू दादाकडे. मला रोजची कटकट नको."

सासूचा चेहरा उतरला. "दादाकडे मी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. येता-जाता बघतात, बोलत कुणी नाही."

"इथे तरी कोण बोलतंय," सून पुटपुटली.

दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली.

"एक भाग पाळण्यापाशी ठेवायचा, दुसरा मावशींनी जवळ बाळगायचा. बाळ तिकडे रडलं की इकडे आवाज. हे साधं आहे. नुसता आवाज, बाकी काही नाही. या दुसऱ्यात आवाजाबरोबर दिव्यांची रांग लागते. जास्त रडलं की जास्त दिवे. आणि हातात थरथरतंही."

"दिवे कशाला?" सासू म्हणाली. "घरात काय सर्कस उतरलीये?"

दुकानदाराची एक पद्धत होती. लांबून ऐकवल्याशिवाय तो यंत्र विकत नसे. मागच्या कोठारात तो एका भागापुढे रडण्याचा आवाज लावी आणि गिऱ्हाइकाला दुसरा भाग घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर उभं करी. यंत्रांचे सेलही तो वेगळ्या डब्यात ठेवी. आत राहिले की गळतात आणि यंत्र खातात.

"ताई, एवढे दोन सेल घाला त्यात," साधं यंत्र सुनेपुढे सरकवत तो म्हणाला. "मावशी, ऐकू आलं की हात वर करा."

सुनेने काउंटरकडे वळून झाकण लावलं. टक्‌ असा आवाज झाला. तिने यंत्र सासूच्या हातात जवळजवळ आदळलं.

"जा. दाखवा तुमचे कान."

सासू बाहेर जाऊन उभी राहिली. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ताठ. यंत्र कानाला लावलेलं, नजर आत. दुकानदाराने कोठारात आवाज लावला आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

सासूने लगेच हात वर केला.

"झालं, या आत!" दुकानदार ओरडला.

ती तशीच उभी. रस्त्यावर ट्रकची रांग चालली होती. मुलाने हाताने खूण केली तेव्हा ती आत आली.

"लख्ख," ती म्हणाली. "कानाशीच रडत होती जशी."

"मिटलं तर," मुलगा म्हणाला. "हेच द्या."

सुनेने तोंड उघडलं. डोळे चमकत होते. हुकमी पान हाती आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. सासू मुलाच्या खांद्यावरून छकुलीला घेत होती, आणि छकुलीने आजीच्या मानेत नाक खुपसलं.

"दुसरं बघायचंय," सून म्हणाली.

"आईला ऐकू आलं ना?"

"म्हणून काय झालं? बघायचंय."

पुन्हा सेल, पुन्हा फुटपाथ. या वेळी सासूने दुकानदाराकडे पाहिलंच नाही, यंत्राकडे पाहत राहिली. हात वर गेला. आवाज थांबला तसा हात खाली आला.

"हेही तसलंच," आत येऊन ती म्हणाली. "साधंच घ्या."

"दिव्यांचंच घ्यायचं," सून म्हणाली.

"हट्टी आहेस झालं!" मुलगा वैतागला. "का, ते तरी सांग."

"मला आवडलं. नऊ महिने मी वागवलंय तिला, यंत्रही मीच निवडणार. सोमवारी पाळणाघरात नाही म्हणून कळवते. आता मनासारखं झालं ना तुमच्या आईच्या? मग तोंडं कशाला वाकडी?"

"मिजास बघा," सासू म्हणाली. "माझ्यावर जसे उपकारच करते."

"करतेच. आणि ते यंत्र कमरेला लावायचं, दिवसभर. काढलेलं दिसलं तर याद राखा."

"कैद्याच्या बेड्या का काय?"

"तसंच समजा."

दुकानदाराने खोकं बांधून दिलं. मुलगा छकुलीला आणि आईला घेऊन बाहेर पडला. जाताना सासू सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलत होती. देवाने सून द्यावी, पण अशी वैऱ्यालाही देऊ नये.

सून दारातून मागे फिरली. काउंटरपाशी आली. अजून कपाळावर आठीच होती.

तिने मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर दोन सेल होते.

"साध्या यंत्रात मी हे घातलेच नव्हते," ती म्हणाली. "कुणी विचारलं, तर घातले होते म्हणून सांगा."