चकतीवरचा अंगठा

एका विद्यार्थिनीच्या पत्राला सरांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. निवृत्तीच्या आठवड्यात कपाट आवरताना ते पुन्हा हाती लागलं.

‘सर, मी हातमोजे घालते, नमुना ठेवायची मिठाची चकती कडेनंच धरते. तरी नमुना न ठेवताही यंत्राच्या आलेखात बोटांच्या तेलाचं शिखर येतं. माझेच हात घाणेरडे म्हणून तुम्ही प्रबंध अडवलात. एकदा स्वतः मोजून बघाल का?’

सर प्रयोगशाळेत गेले. “बाई, मिठाची कोरी चकती द्या.”

“जाता जाता कसली हौस सर? यंत्रही तुमच्यासारखंच थकलंय,” मदतनीस बाई म्हणाल्या.

सरांनी मोजे चढवले आणि काचेसारखी ती चकती चिमट्यानं यंत्रात ठेवली. आलेखाची रेघ सरळ चालली होती. नेमकी तेलाच्या जागी तिनं मान वर काढली.

त्यांनी चकती बाहेर घेतली. तिच्यावर ओला, पिवळट अंगठा उमटला होता आणि त्याला खवट वास येत होता. मधोमध आडवा व्रण होता, सरांच्या अंगठ्यावर होता तसाच.

“शी! कुणी हात लावला हो?”

“मीच,” सर म्हणाले. मोजे अजून त्यांच्या हातांवरच होते.

तीनदा हात धुऊन त्यांनी लिहिलं, ‘घाण माझी होती. प्रबंध पाठव, सही करतो.’ नवे मोजे घालून, पाकीट कडेनं धरून ते टपालपेटीपाशी गेले.

फटीत पाकीट सरकवताना तिच्या नावावर एक पिवळा डाग आतून वर आला. त्यातला आडवा व्रण त्यांनी ओळखला, तेव्हा पाकीट हातातून सुटलं होतं.