मधला चेंडू

"पुन्हा पाय काढून घेतलास," सासने सर म्हणाले. "मार्च संपत आला, विश्वजित. असा बिचकत खेळलास तर पुढच्या वर्षी कॉलेजच्या टीममध्ये तुला कुठं खेळवू?"

विश्वजित वळून आपल्या जागेवर गेला. डिसेंबरमध्ये सरावातच, चेंडूवर झेपावताना त्याचा गुडघा गोलकीपर तौफिकच्या तोंडावर बसला होता. जबडा मोडला, तारा बांधाव्या लागल्या, दीड महिना तौफिक नुसत्या पातळ पेजेवर होता. विश्वजितला त्याच्या घरी जायचा धीर एकदाही झाला नाही. आज तौफिक पहिल्यांदाच परत गोलात उभा होता.

सरांनी दोघांच्या मधोमध चेंडू टाकला. विश्वजित धावला आणि ऐनवेळी थबकला. तौफिकनं चेंडू सहज उचलला आणि विश्वजितजवळ आला.

"घरी आला नाहीस ते जाऊ दे. इथं तरी ये की," तो हळूच म्हणाला. "तू असा थांबलास तर मी अजून भितोय का, ते मला कसं कळणार?"

पुढच्या चेंडूला विश्वजित थांबला नाही. तौफिकही थांबला नाही. दोघं एकमेकांवर आदळून मातीत लोळले आणि चेंडू घरंगळत गोलात गेला.

विश्वजित धडपडत गुडघ्यांवर आला. धुळीत काही दिसेना. मग तौफिक उठून बसला, तोंडातली माती थुंकून म्हणाला, "सर, हा फाऊल होता."

विश्वजितनं मैदानातच हातपाय पसरले आणि छाती भरून श्वास घेतला.